वायफाय आहे, पण नेट नाही

लॅपटॉपवरून एखादे संकेतस्थळ उघडायला सांगितले की ती मागणी बरेच टप्पे ओलांडत जाते. लॅपटॉपमधले वायफाय कार्ड ती रेडिओलहरींवरून राउटरकडे धाडते. राउटर ती फायबरच्या पेटीकडे देतो, पेटी तिचे प्रकाशात रूपांतर करून सेवा देणाऱ्या कंपनीच्या केंद्राकडे पाठवते आणि तिथून ती त्या संकेतस्थळाच्या संगणकापर्यंत पोहोचते. त्याआधी संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता शोधावा लागतो, तो व्यवहार आणखी वेगळा. यातला कोणताही दुवा तुटला तरी पडद्यावर दिसते ते एकच: पान उघडत नाही. नळाला पाणी आले नाही तर नळ बिघडला आहे, गच्चीवरची टाकी रिकामी आहे की पालिकेनेच पाणी सोडलेले नाही, याची चौकशी आधी होते. कोणी लगेच पान्हा घेऊन नळ खोलत नाही. इंटरनेटच्या बाबतीत मात्र पहिल्या मिनिटालाच लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शिरून दिसेल ते बदलले जाते. मूळ दोष भलतीकडेच असेल तर त्यावर आणखी एक दोष चढतो. म्हणून उपायाच्या आधी, वाट नेमकी कुठे तुटली आहे ते ठरवावे लागते.

पहिली विभागणी करायला घरातला मोबाइल पुरतो. तो त्याच वायफायला जोडायचा आणि त्याचा मोबाइल डेटा बंद करायचा. हे दुसरे काम विसरले तर चाचणी फसते, कारण वायफायवर नेट मिळत नाही असे दिसताच बरेच फोन गुपचूप सिमकार्डच्या नेटवर जातात आणि वायफाय ठीक असल्याचा भास होतो. डेटा बंद असताना फोनवर पाने उघडली, तर राउटर आणि त्यापुढची वाट शाबूत आहे. दोष लॅपटॉपमध्ये किंवा लॅपटॉप आणि राउटर यांच्या दरम्यान आहे. फोनवरही काही उघडले नाही, तर लॅपटॉपला हात लावण्याचे कारण उरत नाही. उलट चाचणीही करून पाहावी: फोनचा मोबाइल डेटा पुन्हा चालू करून हॉटस्पॉट सुरू करावा आणि लॅपटॉप त्याला जोडावा. हॉटस्पॉटवर लॅपटॉप नीट चालला तर त्याचे वायफाय कार्ड, ड्रायव्हर आणि ब्राउझर या तिन्हींवरचा संशय बराच कमी होतो. या दोन चाचण्यांना मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत आणि शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

दोष बाहेरचा निघाला तर फायबरच्या पेटीवरचे दिवे वाचायचे. या पेटीला घरोघरी मोडेम म्हणतात आणि अनेक ठिकाणी तीच राउटरचेही काम करते. तिच्यावर बहुधा ‘पॉवर’, ‘पॉन’ आणि ‘लॉस’ असे दिवे असतात. पॉनचा दिवा स्थिर हिरवा असेल तर कंपनीच्या केंद्राशी प्रकाशाची जोडणी झाली आहे. लॉसचा दिवा लाल होऊन लुकलुकत असेल तर केंद्राकडून येणारा प्रकाशच पेटीपर्यंत पोहोचत नाही. घरगुती फायबरच्या प्रचलित पद्धतीत येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटर आणि जाणारा १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. दोन्ही अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे. त्यामुळे तार निघालेली दिसली तरी तिच्या टोकात डोकावून पाहू नये. घरात तपासण्यासारख्या गोष्टी दोनच: पेटीत शिरणारी बारीक तार कपाटाच्या किंवा टेबलाच्या मागे काटकोनात मुडपली आहे का, आणि तिचे टोक पूर्ण बसले आहे का. काचेचा तंतू तीव्र वळणावर प्रकाश बाहेर सांडतो, तार न तुटताही जोडणी जाते. या दोन्ही गोष्टी ठीक असतील आणि दिवा लालच राहिला, तर तार बाहेर कुठेतरी तुटली आहे: रस्ता खोदताना, फांदी पडून, किंवा खांबावरच्या जोडाच्या डबीत पाणी शिरून. अशा वेळी कंपनीला फोन करताना ‘नेट चालत नाही’ असे मोघम न सांगता ‘लॉसचा दिवा लाल आहे’ असे सांगावे. त्या एका वाक्याने समोरचा माणूस लॅपटॉप बंद-चालू करायला लावण्याऐवजी थेट तार जोडणाऱ्याला पाठवू शकतो.

दिवे सगळे व्यवस्थित, तरीही कोणत्याच उपकरणावर नेट नाही, अशीही अवस्था असते. पहिली शक्यता अगदी साधी, मुदत संपून रिचार्ज करायचा राहिलेला असणे. दुसरी शक्यता, राउटरचे कंपनीकडचे लॉगिन तुटणे. अनेक जोडण्यांमध्ये राउटर स्वतःचे वापरकर्तानाव आणि पासवर्ड देऊन केंद्राशी सत्र सुरू करतो, आणि ते सत्र अडकून पडू शकते. इथे बंद-चालू करण्याचा जुना उपाय खरोखर उपयोगी पडतो, पण तो क्रमाने करावा: आधी फायबरची पेटी आणि राउटर दोन्ही बंद करायचे, अर्धा मिनिट थांबायचे, मग पेटी सुरू करून तिचा पॉनचा दिवा स्थिर होऊ द्यायचा आणि त्यानंतर राउटर. अर्धा मिनिट थांबण्याला कारण आहे. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते. लगेच बटण दाबले तर स्मृती पूर्ण पुसली जात नाही आणि अडकलेली अवस्था तशीच राहू शकते.

राउटरच्या मागे बारीक छिद्रात टाचणी घालून दाबायचे ‘रीसेट’ बटण ही मात्र वेगळी गोष्ट आहे. ते दाबण्याचा सल्ला सर्रास दिला जातो आणि बहुतेक वेळा तो नुकसानच करतो. त्या बटणाने राउटर कारखान्यातून निघाला तेव्हाच्या अवस्थेत जातो. वायफायचे नाव, पासवर्ड आणि कंपनीकडचे लॉगिन सगळे पुसले जाते. आधी किरकोळ असलेला दोष मग तंत्रज्ञ घरी आल्याशिवाय सुटत नाही.

महाराष्ट्रातल्या ग्रामीण भागात आणि निमशहरांत आणखी एक कारण वारंवार आढळते, ते म्हणजे वीज. भारनियमनात किंवा पावसाळ्यात वीज गेली तरी लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू राहतो, त्यामुळे लॅपटॉपच बिघडला असे वाटते. प्रत्यक्षात राउटर किंवा फायबरची पेटी बंद पडलेली असते. घरात इन्व्हर्टर असेल आणि राउटर त्याच्या प्लगवर असेल, पण पेटी दुसऱ्याच प्लगवर असेल, तर वायफाय पूर्ण ताकदीने दिसते आणि नेट मात्र नसते. बहुतेक राउटर आणि पेट्या १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी मिळणारा छोटा यूपीएस हा यावर स्वस्त आणि टिकाऊ उपाय आहे.

आता दोष लॅपटॉपच्या बाजूला आहे असे धरू. पुढचे वर्णन विंडोज १० आणि ११ डोळ्यांसमोर ठेवून केले आहे. इतर प्रणालींत नावे बदलतात, तर्क तोच राहतो.

पडद्याच्या कोपऱ्यात वायफायचे चिन्हच नसेल किंवा विमानाचे चिन्ह दिसत असेल, तर बहुधा एअरप्लेन मोड सुरू आहे. हे अनेकदा नकळत होते, कारण बऱ्याच लॅपटॉपवर कीबोर्डच्या वरच्या ओळीतली एक कळ याच कामाला ठेवलेली असते; जुन्या काही लॅपटॉपना तर कडेला वायफायचा वेगळा खटका असे. एअरप्लेन मोड बंद असूनही चिन्ह येत नसेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडून नेटवर्क अडॅप्टरच्या यादीत वायफाय कार्डाचे नाव आहे का ते बघायचे. नाव आहे पण त्यावर पिवळा त्रिकोण आहे, तर ड्रायव्हर बिघडला आहे. नावच नाही, तर कार्ड सापडत नाही: एक तर ड्रायव्हर बसवलेला नाही किंवा कार्डच गेले आहे.

या टप्प्यावर लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. पण कसा, याला महत्त्व आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८पासून ‘शट डाउन’ म्हणजे पूर्ण बंद होणे राहिलेले नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ नावाच्या सोयीमुळे बंद होताना प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर जतन होते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत असेल तर तोच बिघाड दुसऱ्या दिवशीही हजर असतो. ‘रीस्टार्ट’ निवडल्यावर मात्र सगळे नव्याने लोड होते. रात्री लॅपटॉप बंद करून सकाळी सुरू केला तरी नेट आले नाही आणि रीस्टार्ट करताच आले, या कोड्याचे उत्तर इथे आहे.

रीस्टार्टनेही काही झाले नाही आणि दोष विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर सुरू झालेला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या गुणधर्मांत जाऊन आधीच्या ड्रायव्हरवर परतण्याची सोय असते. लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच नेट जात असेल तर त्याच खिडकीतल्या वीज-व्यवस्थापनाच्या पानावर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती काढून घ्यावी. नव्याने विंडोज टाकल्यावर कार्डाचा ड्रायव्हरच नसतो आणि तो उतरवायला नेट हवे, असा पेच पडतो. त्यावर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. लॅपटॉपला फोन तारेच्या जोडणीसारखा दिसतो आणि वायफायचा ड्रायव्हर नसतानाही नेट मिळते.

कार्ड सुस्थितीत आहे, पण घरातले वायफाय यादीत दिसत नाही, ही पुढची पायरी. राउटर बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. जुन्या स्वस्त लॅपटॉपांना फक्त पहिला पट्टा समजतो. राउटरवर केवळ ५ गिगाहर्ट्‌झ चालू ठेवला असेल तर त्यांच्या दृष्टीने ते वायफाय अस्तित्वातच नसते. ५ गिगाहर्ट्‌झवर वेग जास्त मिळतो, पण त्या लहरी भिंतींनी लवकर दमतात. आरसीसीच्या दोन भिंती किंवा जुन्या वाड्याची एक जाड दगडी भिंत ओलांडली की त्यांचा जोर ओसरतो. २.४ गिगाहर्ट्‌झची पोच जास्त, मात्र त्या पट्ट्यात गर्दी फार. ब्लूटूथही तिथेच चालते आणि मायक्रोवेव्ह भट्टीही साधारण २.४५ गिगाहर्ट्‌झवरच काम करते, म्हणून भट्टी सुरू असताना जवळच्या लॅपटॉपचे नेट अडखळू शकते. दाटीवाटीच्या इमारतीत शेजारपाजारचे सगळे राउटर एकमेकांवर बोलत असतात. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच धरले जातात: १, ६ आणि ११. राउटरच्या सेटिंगमध्ये यांतला कमी गर्दीचा एक निवडला की पुष्कळ फरक पडतो.

वायफाय दिसते पण जोडले जात नाही, तर बहुतेक वेळा पासवर्ड बदललेला असतो आणि लॅपटॉप जुनाच पाठवत राहतो. ते नेटवर्क ‘फर्गेट’ करून नव्याने पासवर्ड द्यावा. पासवर्ड बरोबर असूनही नकार येत असेल तर सुरक्षेची पद्धत तपासावी. २००४ साली आलेली डब्ल्यूपीए२ आजही सर्वत्र चालते. २०१८च्या डब्ल्यूपीए३चे भान जुन्या कार्डांना नसते. नवा राउटर केवळ डब्ल्यूपीए३वर ठेवला असेल तर घरातले फोन जोडले जातात आणि जुना लॅपटॉप बाहेर राहतो. राउटरमध्ये दोन्ही पद्धती एकत्र चालवण्याचा पर्याय बहुधा असतो.

सर्वांत गोंधळात टाकणारी अवस्था यापुढची: वायफाय जोडलेले, पण त्याखाली ‘नो इंटरनेट’. हे विंडोज कसे ठरवते ते समजून घेण्यासारखे आहे. जोडणी होताच विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून एक चिमुकली मजकूर-फाइल मागवते. तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढेच शब्द असतात. ते जसेच्या तसे मिळाले तर नेट आहे, नाहीतर नाही. म्हणजे तो शेरा एका चाचणीचा निकाल आहे, अंतिम सत्य नव्हे. एखाद्या कार्यालयाच्या फायरवॉलने ती फाइल अडवली तर नेट चालू असतानाही शेरा उमटू शकतो. फाइलऐवजी दुसरेच पान हाती आले, तर मध्ये लॉगिनचे पान आहे असे विंडोज ओळखते. हॉटेल, विमानतळ आणि रेल्वे स्थानकांवर असेच असते. रेलटेल आणि गूगल यांनी जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर सुरू केलेल्या मोफत वायफायपासून ही पद्धत महाराष्ट्रातल्या प्रवाशांच्या सवयीची झाली: मोबाइल क्रमांक द्यायचा, आलेला ओटीपी भरायचा, मगच वाट उघडते. ते लॉगिनचे पान आपोआप आले नाही तर व्हीपीएन चालू आहे का ते आधी पाहावे. व्हीपीएन त्या पानाला पोहोचूच देत नाही.

घरच्या वायफायवर हा शेरा आला तर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा द्यायची आणि लॅपटॉपचा आयपी पत्ता वाचायचा. या एका आकड्यात बरेच निदान दडलेले असते. पत्ता १९२.१६८ने किंवा १०ने सुरू होत असेल तर तो बहुधा राउटरने दिलेला आहे आणि राउटरपर्यंतचा संवाद झाला आहे. १६९.२५४ने सुरू होत असेल तर लॅपटॉपने पत्ता मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. या पत्त्यावर इंटरनेट कधीच चालत नाही. राउटरमधली पत्ते वाटणारी व्यवस्था, म्हणजे डीएचसीपी, बंद पडलेली असते, वाटायचे पत्ते संपलेले असतात किंवा लहरी इतक्या क्षीण असतात की उत्तर पोहोचत नाही. ‘आयपीकॉन्फिग’ला आधी ‘रिलीज’ आणि मग ‘रिन्यू’ जोडून आज्ञा दिली की लॅपटॉप पत्ता सोडून नव्याने मागतो. घरात कंपनीची पेटी आणि वर स्वतःचा राउटर अशी जोडी असेल, तर तार राउटरच्या ‘वॅन’ खाचेऐवजी ‘लॅन’ खाचेत घातल्याने दोघेही पत्ते वाटू लागतात. मग आज नेट चालते, उद्या नाही, असा खेळ सुरू होतो. आणखी एक दोष कार्यालयातून घरी आणलेल्या लॅपटॉपांत दिसतो: तिथे हाताने भरलेला कायमचा पत्ता तसाच राहिलेला असतो. पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय निवडला की तो सुटतो.

पत्ता योग्य असेल तर पुढचे हत्यार ‘पिंग’. माइक मस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने डिसेंबर १९८३मध्ये अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत हा छोटा प्रोग्राम लिहिला. तो एक लहानसा संदेश धाडतो आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते सांगतो. चार दशकांनंतरही यापेक्षा सोपे आणि बोलके साधन नाही. तो तीन ठिकाणी, जवळून लांब या क्रमाने वापरायचा. पहिला पिंग राउटरला, म्हणजे आयपीकॉन्फिगने ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून दाखवलेल्या पत्त्याला. तिथून उत्तर नसेल तर दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्या मध्येच आहे. दुसरा ८.८.८.८ला, हा गूगलचा सार्वजनिक पत्ता आहे. राउटर उत्तर देतो आणि हा देत नाही, तर दोष राउटरच्या पलीकडे. तिसरा पिंग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. ८.८.८.८ उत्तर देतो पण नाव सापडत नाही असे आले, तर बाकीची सगळी वाट मोकळी आहे आणि बिघडली आहे ती फक्त नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा, डीएनएस. मात्र काही सर्व्हर पिंगला जाणूनबुजून उत्तर देत नाहीत. एकाच ठिकाणच्या मौनावरून निष्कर्ष काढू नये.

डीएनएसची रचना पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३मध्ये मांडली. त्यापूर्वी जाळ्यातल्या सर्व संगणकांची नावे आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत आणि ती फाइल सगळ्यांनी उतरवून घ्यायची असे. आज हा शोध बहुधा सेवा देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर घेतो, आणि तो मंदावला किंवा बंद पडला की संपूर्ण नेट गेल्यासारखे वाटते. वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ किंवा २०१८ साली सुरू झालेला क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ भरून नेट चालले तर दोष डीएनएसचाच होता याची खात्री पटते. लॅपटॉपच्या स्मृतीत चुकीचा पत्ता साठून राहिला असेल तर ‘आयपीकॉन्फिग’च्या ‘फ्लशडीएनएस’ने तो पुसता येतो.

तिन्ही पिंग यशस्वी, तरी ब्राउझरमध्ये पान नाही, तर वाट पूर्ण आहे आणि अडवणूक लॅपटॉपच्या आतच आहे. अर्धवट बंद पडलेले व्हीपीएन, मुदत संपलेला अँटिव्हायरस किंवा प्रॉक्सी, म्हणजे नेटच्या वाटेतला मध्यस्थ सर्व्हर, हे तीन नेहमीचे संशयित. एखादा आगंतुक प्रोग्राम प्रॉक्सीचा पत्ता भरून ठेवतो. तो प्रोग्राम काढून टाकला तरी पत्ता तसाच राहतो आणि ब्राउझर अस्तित्वात नसलेल्या दारावर थापा मारत बसतो. सेटिंगमधल्या प्रॉक्सीच्या पानावर हाताने भरलेला प्रॉक्सी बंद करावा. चौथे कारण फारसे कोणाच्या लक्षात येत नाही: घड्याळ. सुरक्षित संकेतस्थळाचे प्रमाणपत्र ठरावीक दोन तारखांच्या दरम्यानच ग्राह्य असते. लॅपटॉपची बॅटरी पूर्ण उतरून तारीख काही वर्षे मागे गेली तर ब्राउझरला प्रत्येक प्रमाणपत्र अजून सुरूच न झालेले वाटते आणि तो पाने उघडायला नकार देतो. तारीख, वेळ आणि भारताचा साडेपाच तासांचा वेळपट्टा हाताने बरोबर केला की सगळे सुरळीत होते.

इतके करूनही जमले नाही तर विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘नेटवर्क रीसेट’ आहे. ते सगळे अडॅप्टर काढून पुन्हा बसवते आणि जाळ्याच्या सेटिंग मूळपदावर आणते. साठवलेले वायफाय पासवर्ड आणि व्हीपीएनची माहिती त्यात जाते, म्हणून ती आधी लिहून ठेवावी.

त्यानंतर उरतो प्रत्यक्ष यंत्राचा दोष. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची तार जोडली, लॅपटॉपला खाच नसेल तर यूएसबीचा जोड वापरला, आणि तारेवर नेट व्यवस्थित चालले, पण वायफायवर कोणत्याच राउटरशी किंवा हॉटस्पॉटशी जुळत नसेल, तर कार्ड किंवा त्याची अँटेना गेली आहे. बहुतेक लॅपटॉपांत अँटेना पडद्याच्या कडेने बसवलेली असते आणि तिच्या केसाएवढ्या तारा बिजागरीतून कार्डापर्यंत येतात. पडदा बदलल्यावर किंवा बिजागरी दुरुस्त केल्यावर राउटरच्या शेजारी बसल्यावरच वायफाय मिळू लागले, तर त्या तारेचे टोक कार्डावर नीट बसवायचे राहिले आहे. दुरुस्तीच्या दुकानात हे काही मिनिटांचे काम आहे. कार्ड सुटे असेल तर ते बदलता येते. मदरबोर्डवर डाक देऊन बसवलेले असेल, तर यूएसबी खाचेत घालायचा छोटा वायफाय अडॅप्टर तेच काम कमी खर्चात करतो.